मानसिक संकटात मदत कुठे आणि कशी मिळते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. धाकट्या भावाचा आजार सांभाळता सांभाळता चौदा वर्षं गेली, आणि आता महिन्यातले दोन शनिवार शुभंकरांच्या गटात बसते. शुभंकर म्हणजे सांभाळणारं घरचं माणूस, शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो. गटात नवीन आलेली माणसं पहिल्या दिवशी जे विचारतात ते खाली आहे, साधारण त्याच क्रमाने. उत्तरं भारतातले कायदे आणि महाराष्ट्रातली व्यवस्था धरून दिली आहेत.

आत्ता, या मिनिटाला जिवाला धोका आहे. आधी काय करू?

११२ ला फोन करा. रुग्णवाहिका हवी असेल तर १०८. शेजाऱ्याची गाडी किंवा रिक्षा त्याआधी मिळत असेल तर ती घ्या आणि सर्वांत जवळच्या, चोवीस तास कॅज्युअल्टी चालू असणाऱ्या हॉस्पिटलात जा. मनोविकारांचंच हॉस्पिटल हवं म्हणून गावभर फिरू नका. गाडीत तुमच्याशिवाय आणखी एक जण हवा. एकाने चालवायचं, एकाने आजारी माणसाच्या शेजारी मागच्या सीटवर बसायचं.

माणसाने काही घेतलं असेल, किंवा नुसती शंका असेल, तरी 'आता बरं वाटतंय, झोपू द्या' हे ऐकू नका. काही औषधांचा आणि विषांचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, तोवर माणूस हसतो, बोलतो, चहासुद्धा मागतो. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, जे हाती लागेल ते पिशवीत टाकून सोबत न्या. डॉक्टरांना तुमच्या सांगण्यापेक्षा त्या स्ट्रिपवरून जास्त कळतं.

आणि एकटं सोडू नका. बाथरूमला जाताना आतून कडी लावायची नाही, एवढं त्याला स्पष्ट सांगा. संकोच वाटतो, पण सांगा.

हे खरंच संकट आहे की नुसते वाईट दिवस चाललेत, हे कसं ओळखायचं?

मी तीन गोष्टी बघते. जिवाचा धोका आहे का? झोप, खाणं, अंघोळ यांतलं काही पार थांबलंय का? आणि माणूस आपल्याला दिसतं त्याच जगात आहे का? म्हणजे कानात आवाज येतायत, शेजारी विष घालतायत अशी खात्री आहे, चार रात्री डोळ्याला डोळा नाही तरी अंगात दहा जणांची ताकद आहे, असं काही. यातलं एकही 'हो' असेल तर आजच हालचाल करायची.

बोलण्याकडेही कान ठेवा. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'तुम्ही सुटाल एकदाचे', उगाचच वस्तू वाटून टाकणं, बँकेची कागदपत्रं समजावून सांगणं. खूप दिवस कोमेजलेलं माणूस एका दिवसात अचानक शांत, हलकं झालं तर घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. तिथे मात्र जास्त जपायला हवं. कधी कधी तो शांतपणा निर्णय झाल्याचा असतो.

आजाराचं नाव त्या रात्री कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. डिप्रेशन की बायपोलर की स्किझोफ्रेनिया, ते पुढच्या काही आठवड्यांत ठरेल. आज फक्त सकाळपर्यंत पोचायचंय.

'आत्महत्येचा विचार येतो का' असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाणार नाही का?

नाही. यावर अभ्यास झालेले आहेत आणि विचारल्याने धोका वाढतो असं त्यांतून दिसलेलं नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून हायसं वाटतं.

कसं विचारायचं हा खरा प्रश्न. 'तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'नाही'. कारण तुम्हाला 'नाही'च ऐकायचंय हे त्याला कळतं. त्यापेक्षा शेजारी बसून, टीव्ही बंद करून, 'इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारा. 'हो' म्हणाला तर पुढचं: कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठीचं काही जमवलंय का? कधी? जितकी उत्तरं नेमकी, तितकी घाई जास्त. उत्तर ऐकून रडू आलं तरी चालेल. 'आईबापाचा तरी विचार कर' हे वाक्य मात्र गिळून टाका. तो तोच विचार करून थकलेला असतो.

घरातल्या धोक्याच्या वस्तूंचं काय करायचं?

घरातून हलवायच्या, लपवायच्या नाहीत. औषधांचा अख्खा डबा, आजीच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांसकट, शेजारी किंवा नातेवाइकाकडे. शेतीची औषधं घरात ठेवूच नयेत. आहेत तर कुलूपबंद, आणि किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते, मिनिटांत किंवा तासांत ओसरते. त्या वेळात हाताशी काही नसणं एवढ्यानेही जीव वाचतात.

१४४१६ ला फोन केला की नक्की काय होतं?

ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते. १४४१६ लागत नसेल तर १-८००-८९१-४४१६ हा दुसरा क्रमांक.

आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. तुमचं म्हणणं ऐकून, गरज असेल तर ते तज्ज्ञांकडे फोन जोडून देतात किंवा जवळ कुठे जायचं ते सांगतात. शुभंकरानेही फोन करायचा असतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. 'पेशंट बोलायला तयार नाही' म्हणून लोक फोन ठेवून देतात. अहो, तुम्हीच बोला. 'माझा भाऊ तीन दिवस झोपला नाही, मला मारायला धावला, मी आता काय करू' एवढं पुरतं.

टेली-मानस म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. जिवाला आत्ता धोका असेल तर आधी ११२ किंवा १०८.

लहान मुलाबद्दल असेल तर १०९८, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, घरात मारहाण होत असलेल्या बाईसाठी १८१. संकटामागे बऱ्याचदा मारहाण असते आणि मग नुसत्या गोळ्यांनी काही होत नाही.

फोन लागलाच नाही तर?

पुन्हा लावा. दुसरा क्रमांक लावा. मधल्या वेळात एका जित्याजागत्या माणसाला घरी बोलवा, मग तो मित्र असो, मावशी असो की खालच्या मजल्यावरचे काका. हेल्पलाइन लागली नाही म्हणजे मदतच नाही, असं रात्री दोन वाजता वाटतं, सकाळी वाटत नाही.

हॉस्पिटल कुठलं?

रात्री जवळचं, कुठलंही. दिवसा वेळ असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची ओपीडी चालते. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. त्यांचं नाव काढलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. येरवड्याला ओपीडीत एकदा बसून बघा. बाकांवर डबे घेऊन आलेली तुमच्याआमच्यासारखीच माणसं असतात आणि त्यांतली बरीचशी औषधं घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी जातात.

कॅज्युअल्टीत काय बोलता यावर बरंच अवलंबून असतं. आमची पहिली रात्र मी वाया घालवली. एका हॉस्पिटलात भावाला नेलं आणि सांगितलं, 'हा हल्ली फार टेन्शनमध्ये असतो.' ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, झोपेची एक गोळी लिहून दिली आणि सोमवारी ओपीडीत या म्हणाले. तेव्हा होता शुक्रवार. रविवारी पहाटे आम्ही पुन्हा तिथेच, पण या वेळी स्ट्रेचरवर. मी 'टेन्शन' म्हटलं होतं. 'चार दिवस झोपला नाही, गच्चीच्या कठड्यावर चढला होता, आवाज ऐकू येतात म्हणतो' हे म्हटलंच नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

तेव्हा एका कागदावर लिहून न्या: काय केलं, काय बोलला, किती दिवसांपासून, झोप किती, आधीचा आजार, चालू औषधं, दारू किंवा दुसरी नशा, कसली ॲलर्जी. आणि 'याला एकटं ठेवणं आम्हाला सुरक्षित वाटत नाही' हे वाक्य तसंच्या तसं म्हणा.

'आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहीत' असं सांगून कुणी दारातून परत पाठवायला लागलं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९४ लक्षात ठेवा. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत किंवा मानसोपचार केंद्रात तपासणी होईपर्यंत. घरचं जबाबदार माणूस हजर असेल तर त्याची संमती घेऊन. तिथवर रुग्णाला पोचवणंही त्यात येतं. या कलमाखाली तातडीचा उपचार म्हणून शॉक देता येत नाहीत. ही भीती फार जणांना असते म्हणून मुद्दाम सांगितलं.

मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक: आधी कोण?

संकटात मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो, अ‍ॅडमिट तोच करतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक लागतात, पण वादळ ओसरल्यावर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

तो यायलाच तयार नाही. 'मला काही झालेलं नाही, तुम्हीच वेडे' म्हणतो.

गटात सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर जातो.

आधी एक समजून घेऊ. काही आजारांत आपल्याला आजार आहे हे कळणारी जाणीवच मंदावते. त्यामुळे तो हट्ट करत नाही, त्याला खरंच तसं दिसतं. वाद घालून ही गोष्ट पटत नाही. 'तुला भास होतात' म्हणालात की तुम्हीही कटात सामील. 'आवाज खरे की खोटे ते बाजूला ठेवू, पण तू झोपला नाहीस हे तर खरं ना? झोपेसाठी डॉक्टर बघू' हे पुष्कळदा चालतं. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो तिथून सुरुवात करायची: झोप, डोकेदुखी, छातीतली धडधड. आणि सांगणारं माणूस बदलून बघा. माझं भावाने कधी ऐकलं नाही. त्याच्या क्रिकेटच्या टीममधल्या एका मित्राने 'चल रे, मी येतो बरोबर' म्हटलं आणि तो बूट घालायला लागला.

लग्नाला जातोय सांगून हॉस्पिटलात नेणं, चहात गोळ्या घालणं, हे मी कुणाला सुचवत नाही. एकदा कळलं की पुढची दहा वर्षं तो तुमच्या हातचा चहा पीत नाही. अतिशयोक्ती नाही, आमच्या गटात असं एक घर आहे.

एवढं करूनही येत नसेल आणि धोका असेल तर कायद्यात वाट आहे. त्याने आधी कुणाला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने बोलणारं माणूस, नेमलं असेल तर ती व्यक्ती, नाहीतर सहसा जवळचा नातेवाईक, मानसोपचार केंद्राकडे अर्ज करतो. मग एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर त्याला वेगवेगळं तपासतात. त्याने नुकतीच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली आहे, तसा प्रयत्न केला आहे किंवा धमकी दिली आहे, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं दोघांनाही दिसलं तर कलम ८९ प्रमाणे ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. केंद्राला हे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं: ७ दिवसांत, आणि बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. या निर्णयाविरुद्ध तो मंडळाकडे दाद मागू शकतो. ते त्याला सांगायचं, लपवायचं नाही.

साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, आणि ते घरालाही लागू धरा.

पोलिसांना बोलवावं का?

हिंसा होत असेल तर हो. फोनवरच सांगा की हा आजारी माणूस आहे, गुन्हेगार नाही, त्याला हॉस्पिटलात न्यायचंय. रस्त्यावर भरकटलेला, स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे २०१७ च्या याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं, आणि अशा माणसाला कोठडीत डांबता येत नाही. कलमाचा आकडा तोंडपाठ ठेवा. ठाण्यात त्याने बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

आत्महत्येचा प्रयत्न झाला तर केस होते का? त्या भीतीने आम्ही हॉस्पिटलात जायला घाबरतो.

कृपा करून त्या भीतीने घरी थांबू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही असं स्पष्ट म्हटलंय. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा गेलंच. आता उरलंय ते फक्त सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवायला किंवा भाग पाडायला केलेल्या प्रयत्नाबद्दलचं.

हॉस्पिटल पोलिसांना कळवेल आणि एखादा हवालदार जबाब घ्यायला येईल, हे मात्र होतं. ती नोंद असते. थोडक्यात खरं सांगा.

घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, आधी देवऋषाकडे नेऊ.

आजीला अंगारा लावायचा असेल तर लावू दे, त्यावरून भांडण काढून वेळ घालवू नका. पण औषध थांबवायचं नाही, आणि मारणं, डांबणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं यांतलं काही होणार असेल तर तिथून उठायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

हे मनाचंच आहे कशावरून? शरीराचं काही असेल तर?

चांगला प्रश्न, आणि फार थोडे विचारतात. सत्तरीतले आजोबा कालपर्यंत ठीक होते आणि आज असंबद्ध बडबडतायत, दिवस की रात्र कळत नाही, असं असेल तर आधी जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, नवीन औषध हे बघावं लागतं. तिथे कॅज्युअल्टीच हवी. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली आणि दोन-चार दिवसांत थरथर, घाम, भास, फिट सुरू झाली, तर तीही जिवावरची गोष्ट. 'सुटतेय तर सुटू दे' म्हणून बघत बसू नका. बाळंतपणानंतर, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, आई झोपेनाशी झाली, विचित्र बोलायला लागली, बाळाबद्दल भलत्याच शंका घ्यायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. बाळ आणि आई दोघांजवळ सतत कुणीतरी हवं.

आणि छातीत दुखून 'मी आता मरतो' वाटणं हा पॅनिक अटॅक असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो. पण पहिल्यांदाच होत असेल तर ईसीजी काढल्याशिवाय त्याला पॅनिक म्हणू नका.

मीच संकटात आहे. सांगायला कुणी नाही.

मग १४४१६ लावा, आत्ताच, पुढचं नंतर वाचा. काय बोलायचं सुचत नसेल तर 'मला आज स्वतःची भीती वाटतेय' एवढंच म्हणा, पुढचं ते विचारतील. फोनवर बोलणं जमत नसेल तर ओळखीच्या एका माणसाला 'एकटा राहू शकत नाही, ये' असा निरोप टाका. कारण द्यायची गरज नाही. तेही नको वाटलं तर चालत कॅज्युअल्टीत जाऊन बाकावर बसा. तिथे दिवे असतात, माणसं असतात. आज रात्री कुठलाच मोठा निर्णय नाही, दारू नाही, आणि ज्या खोलीत धोक्याचं काही आहे त्या खोलीत जायचं नाही.

औषध सुरू केलं. गुण कधी येणार?

झोप आणि खळबळ काही दिवसांत आटोक्यात येते. डिप्रेशनच्या गोळ्यांना मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीचे आठवडे जास्त जपायचे, विशेषतः तरुण मुलामुलींना. तेव्हा गोळ्या घरच्यांच्या हातात ठेवा आणि एकेक दिवसाच्या द्या. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करणं हे आमच्या गटातल्या निम्म्या संकटांचं मूळ आहे, असं माझं मोजमाप न केलेलं मत.

ऑफिसला कळेल का? विमा मिळतो का?

उपचारांची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं. पॉलिसीतल्या अटी बाहेर काढून वाचा, आणि क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा.

पुन्हा असं झालं तर? आधीपासून काय तयारी ठेवू?

तो बरा असताना, त्याच्याबरोबर बसून करायचं. कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो: मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, माझा प्रतिनिधी कोण. भावाने लिहिलेला दीड पानी आहे. त्यात एक ओळ अशी: 'मला न्यायला दादाला पाठवू नका, तो घाबरतो आणि ओरडतो.' दादा म्हणजे आमचा थोरला. त्याने ती वाचली, गप्प बसला, आणि आता गाडी तो चालवतो, बोलायला मी जाते.

दुसरं, आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. सर्वांत वर धोक्याच्या खुणा, त्याच्याच अक्षरात: 'दोन रात्री झोप नाही. हिशेबाच्या वह्या काढल्या. आंघोळ नाही.' खाली १४४१६, ११२, १०८, डॉक्टरांचा नंबर, मित्राचा नंबर, चालू गोळ्या आणि मात्रा. मागे पाकिटात आधारची झेरॉक्स आणि रिक्षासाठी सुट्टे पैसे. गोळ्या बदलल्या की कागद बदलतो. मागच्या दिवाळीत त्याने स्वतःच तो उतरवून माझ्या हातात दिला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.